बाबेलमधलं पहिलं सिनेगॉग

रूबेनला परदेशातल्या या हौगांगच्या फ्लॅटमधून नेऊन इथल्या ज्यू कबरस्तानात ठेवलं, त्याला महिना होत आला. तेव्हापासून त्याची बायको रिबेका सगळं करत होती, पण तिला कशाचं काही वाटत नव्हतं. तापलेला तवा हाताला लागला, तरी 'आई गं' म्हणायचं सुचायचं नाही. लोक म्हणत, बाई खंबीर हो. खंबीर कसली, बधिर झाली होती बिचारी.

त्यात घरात सासू. मिल्काबाईंचा एकच हेका, माझ्या मुलाला उकरून नवगावला न्या. अलिबागजवळच्या त्या किनाऱ्याला आम्हा बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून लागले म्हणतात. घराण्याच्या सगळ्या पिढ्या तिथे निजल्या, मग रूबेनच परक्या मुलखात का? "तू घाई केलीस," एवढं म्हणून त्या तोंड फिरवायच्या. आमच्यात मयत थांबवत नाहीत, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? पण दुःखाला कुठलं आलंय शहाणपण!

कबर उघडायची की नाही, ते आमच्या धर्मगुरूंनी, राब्बींनी, या शब्बाथनंतर, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसानंतर, कळवायला सांगितलं होतं. कळवायचं रिबेकानं. तिच्या तोंडून ना हो निघत होतं, ना नाही.

शनिवारी दोघी एमआरटीच्या मेट्रोनं सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघरी, आल्या. शब्बाथला गाडीत बसू नये म्हणतात, पण हौगांगहून चालत कोण येतंय? वर बायकांच्या सज्जात बसल्या. मिल्काबाईंना इंग्रजीचा गंध नाही. राब्बी खाली बोलायचे आणि रिबेका सासूच्या कानाशी मराठी करून सांगायची, ही त्यांची नेहमीची रीत. घरी अबोला धरलेल्या म्हातारीनं इथे मात्र कान पुढे केला.

सिनेगॉग आलं कुठून, हा त्या दिवशीचा विषय. रिबेका यंत्रासारखी सांगत गेली. "शत्रूनं यरुशलेमचं मंदिर जाळलं. लोकांना धरून बाबेलला नेलं. तिथे ना मंदिर, ना यज्ञ. मग ते नुसते एकत्र बसायला लागले. वाचायचे, रडायचे. तिथून सुरुवात झाली."

"बरं."

"जुनी माणसं सांगतात, पडक्या मंदिराचे दगड नि माती त्यांनी बरोबर नेली. बाबेलच्या सिनेगॉगच्या पायाभरणीत घातली."

इथे रिबेकाला वाटलं, पदरचं एक वाक्य घालावं. 'राब्बी म्हणतात, गेलेल्या माणसाला हलवू नये.' सासूला काय कळणार होतं? वाक्य अगदी जिभेवर आलं. पण रूबेनच्या आईला फसवायचं, तेही इथे बसून? तिनं ते गिळलं आणि राब्बी बोलले तेवढंच सांगितलं.

मिल्काबाई हळूच म्हणाल्या, "कबरी नाही नेल्या त्यांनी?"

"ते नाही सांगितलं, आई."

"कशा नेतील? आईबाप तिथेच ठेवून गेले असतील. माती तेवढी नेली." त्या सुनेकडे वळल्या. "राब्बींना सांग, राहू दे रूबेनला. माझ्या पेटीत नवगावची माती आहे. इथे मेले तर कबरीत उशाला घालायला आणली होती. अर्धी त्याच्या कबरीवर घाल."

"आणि अर्धी?"

"तुला ठेव. तू त्याच्याजवळ राहणार."

"मग तुम्हाला, आई?"

"मी रूबेनजवळ राहायला आले होते. आता जाते परत. मला तिकडे मातीचा काय तोटा?"