लॉर्न वोइचुकची शेवटची दोन मिनिटं

लॉर्न वोइचुकच्या नडगीचा एक्स-रे मी या डोळ्यांनी पाहिला आहे. डॉक्टरने तो खिडकीसमोर धरला, तर हाडावर ‘मॅकॉली’ अशी अक्षरं उमटलेली. तीही उलटी. मॅकॉली हे आमच्या शेजारचं गाव. त्यांच्या आइस हॉकीच्या चकतीवर गावाचं नाव छापलेलं असतं, आणि ती चकती लॉर्नने आदल्याच दिवशी पायावर घेतली होती. डॉक्टर म्हणाला, “हाड मोडलं नाही, पण छापून निघालंय.” खोटं वाटत असेल तर ओल्हाला विचारा. ती नाही म्हणेल, पण ती माझ्या प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणते.

ओल्हा माझी मेहुणी. चाळीस वर्षं रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानाशी, माझ्या शेजारच्या जागेवर बसते आणि चाळीस वर्षं मला गप्प बसवायचा प्रयत्न करते. आमच्या झोरियात रविवारी सकाळी चर्च भरतं आणि दुपारी रिंक, आणि खरं सांगायचं तर प्रार्थना दुपारी जास्त मनापासून होते.

लॉर्न बचावाला खेळायचा. गोल करणं हे इतरांचं काम. समोरच्या गड्याने काठी मागे नेली की लॉर्न आडवा जाऊन उभा राहायचा आणि ती रबराची काळी चकती अंगावर घ्यायचा. गोठली की ती दगडाला लाजवते. एकोणीस हंगाम त्याने ती खाल्ली: बरगड्यांवर, खांद्यावर, एकदा तर जांभई देताना दातांत. बिनपगारी, आठवडाभर शेतात राबून. आणि आता तो निघाला होता. त्याची बायको जोसी पूर्वेकडची, समुद्राकाठची. एकोणीस वर्षं ती इथल्या वाऱ्यात राहिली. “आता माझी पाळी,” एवढंच लॉर्न म्हणाला आणि त्याने शेत विकून टाकलं.

मला त्याच्या जाण्याचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या पोटात आणखी एक दुःख होतं. टोपीचं. एकाच सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर फेकतात. ही रीत सगळीकडे आहे. पण झोरियात फेकलेली टोपी कुणी परत मागत नाही. म्हणजे उणे अडतीसात बोडक्या डोक्याने घरी जायचं. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. कालपरवाच्या पोरांसाठी मी टोप्या उडवल्या आणि कान सुजवून घेतले. लॉर्नसाठी एकदाही नाही! त्याने एकोणीस वर्षांत मिळून गोलच केले अकरा, आणि त्यातले दोन आपल्याच जाळ्यात.

त्याच्या शेवटच्या सामन्याला मी नवीकोरी टोपी घालून गेलो. बीव्हरच्या कातडीची, कान झाकणारी. समोर मॅकॉली, आणि त्या दिवशी जिल्ह्याचा चषक ठरायचा होता.

“लग्नाला निघालास की काय, ओरेस्ट?” ओल्हाने विचारलं.

“आज ही फेकणार आहे. लॉर्नसाठी.”

“त्याला तीन गोल करायला अजून पन्नास वर्षं लागतील. तोवर तू टोपीसकट पुरलेला असशील.”

आणि सुरू होऊन चार मिनिटं होतात न होतात तोच लॉर्नच्या ढुंगणावर आदळून चकती मॅकॉलीच्या जाळ्यात गेली. तो जाळ्याकडे पाठ करून उभा होता. त्याला गोल झाल्याचं लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. दुसरा गोल त्याने निम्म्या मैदानावरून मारला. चकती इतक्या सावकाश गेली की गोलकीपर ती नेमकी कधी अडवावी या विचारातच राहिला. दोन झाले! ओल्हाने हातातला कोबीचा रोल डब्यात परत ठेवला. ओल्हा खाणं थांबवते म्हणजे काय ते झोरियातच कळेल.

शेवटची दोन मिनिटं उरली. आम्ही तीन, ते दोन. त्यांच्या जाळ्यापुढे एकच गर्दी उसळली: काठ्या, कोपर, शिव्या. त्यात मला लॉर्नची काठी दिसली, काठीपुढे चकती दिसली आणि जाळ्यामागचा गोलचा लाल दिवा लागला.

मी टोपी फेकली.

माझं बघून कठड्यामागचे सगळे उठले. “दीदोने फेकली!” असं कुणीतरी ओरडलं. दीदो म्हणजे आजोबा, गाव मला त्याच नावाने हाक मारतं. बर्फावर टोप्यांचा असा खच पडला की एक स्वेटर आणि फादर यारेमांची कानपट्टीही त्यात निघाली.

पंच मात्र हात हलवत होता. शिट्टी आधीच वाजली होती. चकती गोलकीपरच्या पंजाखाली दबल्यावर लॉर्नने ती उकरून आत ढकलली होती. गोल नाही. आणि गोल नसताना बर्फावर सामान टाकून खेळ अडवला, म्हणून आमच्या संघाला शिक्षा: दोन मिनिटं एक गडी बाहेर. उरलेला अख्खा सामना.

“शाबास,” ओल्हा म्हणाली. “चषक मॅकॉलीला घरपोच दिलास.”

ज्याला निरोप द्यायला आलो त्याच्याच शेवटच्या सामन्याला मी सुरुंग लावला होता. चार जणांनी पाचांशी लढायचं, आणि त्या चारांत अर्थातच लॉर्न. दुसरं कोण? शिक्षेची मिनिटं एकोणीस वर्षं त्यानेच खेळून काढली होती.

पुढचं मी मीठमसाला न लावता सांगतो, कारण त्याला गरजच नाही.

मॅकॉलीचा पहिला फटका आला. लॉर्नने तो पोटरीवर घेतला. दुसरा बरगडीवर. मला तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की तो चकतीकडे बघतच नाही. तो मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो. खांदा हलायच्या आधी हा तिथे पोचलेला असतो, दार लावायला निघालेल्या माणसासारखा, घाई न करता. तिसऱ्या फटक्यात त्याची काठी मोडली. त्याने दांडकं टाकून दिलं, हातमोजे समोर धरले आणि रिकाम्या हाताने खेळत राहिला. चौथा फटका हातावर बसला. त्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. मुलं ओरडायची थांबली. मॅकॉलीचे पाठीराखेसुद्धा उभे राहिले होते. शेवटच्या पाच सेकंदांत त्यांच्या सगळ्यात दांडग्या गड्याने पूर्ण ताकदीने काठी फिरवली, आणि लॉर्न बर्फावर आडवा झाला, लांबच्या लांब, जणू कुणी ओंडका सोडला. चकती त्याच्या छातीत रुतली. भोंगा वाजला तरी तो तिच्यावर पडूनच होता.

मॅकॉलीच्या खेळाडूंनी काठ्या बर्फावर आपटायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. हरलेला संघ असं करताना मी क्वचितच पाहिलंय. ओल्हा रडत होती आणि मला म्हणत होती, “माझ्याकडे काय बघतोस? तिकडे बघ!”

मी एकोणीस वर्षं त्याच्याकडून गोल मागत होतो. सुताराला सोन्याची अंगठी घडव म्हटल्यासारखं.

माफी मागायला मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. पोरं चषकासोबत बाहेर फोटो काढत होती. लॉर्न एकटाच बाकावर बसला होता, उजवा हात बर्फाच्या बादलीत.

“लॉर्न, माझ्यामुळे...”

“दीदो, बसा हो. ती दोन मिनिटं नसती तर मी दोन भाकड गोलांचा माणूस म्हणून गेलो असतो. जोसीच्या माहेरी काय सांगितलं असतं? ढुंगणाने गोल केला?”

“मी सांगेन तसं सांग. पहिला डोळे मिटून मारला म्हणून सांग.”

“तुम्हीच चला बरोबर. माझ्याच्याने खोटं बोलवत नाही.” तो हसला आणि हसताना बरगडीला हात लावला. मग डाव्या हाताने स्केटची नाडी ओढू लागला. बोटं सुजली होती, जमेना.

मी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नाडी सोडवू लागलो. निरोपाचं भाषण मी आठवडाभर पाठ केलं होतं. त्यातला एकही शब्द आठवेना.

दारातून ओल्हाची हाक आली. “ओरेस्ट! गाडी तापलीय, चल की! त्या माणसाला घरी जाऊ दे!”

“थांब जरा,” मी ओरडलो. “गाठ सुटत नाहीये!”

लॉर्नने खाली वाकून पाहिलं. नाडी केव्हाची सुटून लोंबत होती. त्याने पाय तसाच माझ्या मांडीवर राहू दिला.