दुसरा कंट्रोलर

टक्. भरदुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं घर उचललं. पंखा फिरतच राहिला, पण टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स तेवढ्यात मेला न् पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मांडीवरच्या अनुनं कूस बदलली. समता तिला थोपटत राहिली, नजर मात्र बॉक्सच्या लुकलुकत्या दिव्यावरून हटेना. प्लांटमध्ये सीझनभर हेच चाललं होतं.

मलकापूरच्या बाहेर सरकीच्या ढेपेतून तेल काढायचा प्लांट. तेल ओढायला पेट्रोलसारखं भडकणारं द्रावक. त्याची वाफ गळली, दाब चढला, तर सगळं आपोआप बंद पाडायचं काम एका कंट्रोलरचं. तो आता बदलायचा होता, आणि नवा कोणता हे प्लांटची इंजिनिअर म्हणून समतानं आजच सांगायचं होतं. एक बसवून दुसरा कपाटात ठेवायचा, की दोन्ही कायम चालू ठेवायचे? दोघांना वेगवेगळ्या लायनीवरून वीज, एक गेला की दुसऱ्यानं तिथूनच पुढं धरायचं.

मालक रामरावभाऊंनी काल हसण्यावारी नेलं होतं. एका गाडीवर दोन डायवर कोनी बसवते का, म्हणाले होते.

खरं कारण तिनं सांगितलंच नव्हतं. वीज लुकलुकली की एकुलता कंट्रोलर डोळे मिटायचा, प्लांट बंद पडायचा, आणि पुन्हा सुरळीत चालायला अर्धी शिफ्ट जायची. म्हणून कोणीतरी पॅनलमध्ये कंट्रोलरला बगल देणारी एक तार बांधायचं. तार असली की प्लांट थांबत नाही. थांबायला पाहिजे तेव्हाही नाही.

काल तिनं ती तार काढून पर्समध्ये टाकली. टोकाला चिकटपट्टी होती, पिवळ्या बदकांची. अनुची फाटलेली पुस्तकं शिवम त्याच पट्टीनं जोडायचा. रीळ त्याच्या खिशातच असायचं. शिवम, तिचा नवरा, त्याच प्लांटवर ऑपरेटर. घरी आल्यावर विचारणार होती ती, पण तो अनुचा घोडा होऊन घरभर फिरत होता. आता पुन्हा शिफ्टवर गेला होता.

फोन वाजला. रामरावभाऊच. जोडीचाच घ्या, असं तिनं सांगितलं, आणि काऊन, असं त्यांनी विचारल्यावर तारेचंही सांगावं लागलं.

भाऊंनी विचारलं, "कोन बांधते?"

"माणूस काढून भागणार नाही, भाऊ. उद्या येईल तोही बांधेल. लाइट तर जातेच."

"ते समजलं मले. दोन घेऊ. पन नाव पाह्यजे, मॅडम. शिफ्ट सुटायच्या आत. असा मानूस मी गेटच्या आत ठेवत नाही."

हो म्हणाली की नाही, तिलाच कळलं नाही. शिवमला फोन लावावा, तर मोबाइल गेटवरच जमा होतात. ती ओट्यापर्यंत गेली, गॅस बंद आहे का पाहिला, परत आली, पुन्हा गेली.

वळून पाहते तर अनु उठून बसलेली. पर्स उघडी, हातात तार.

"आई, ही माही बदकं," अनु झोपाळल्या डोळ्यांनी हसली. पट्टीवरून बोट फिरवत राहिली, मग मान वर केली.

"इथं कोनं लावली?"