सील म्हंजी काय

"मी सांगेपर्यंत तोंड वर काढायचं नाही," मैथिली म्हणाली आणि तिने शिवकन्येच्या मनगटावर तीन बोटं टेकवली.

टेबलावर प्लास्टिकचा टब होता. कॉलेजसमोरच्या ज्यूसच्या गाड्यावरून आणलेला बर्फ त्यात तरंगत होता. अकरावी सायन्सचा सगळा वर्ग बाकं सोडून टेबलाभोवती जमला होता. शिवकन्येने वेणी पाठीवर टाकली, दम भरला आणि चेहरा पाण्यात बुडवला. आधी भराभर पळणारी तिची नाडी मैथिलीच्या बोटांखाली हळूहळू संथ होत गेली.

"बास. ये वर."

शिवकन्या नाकातोंडातून पाणी गाळत हसत उभी राहिली. "आजून ऱ्हायले असते मॅडम मी."

"नाडी किती खाली आली माहितेय? तुला काहीच करावं लागलं नाही. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि शरीराने आपलं आपण ठरवलं, ऑक्सिजन जपून वापरायचा. सील हेच करतो. फक्त आपल्यापेक्षा हजारपट बरं करतो."

धडा श्वसनाचा होता. त्यात ना सील होता ना पेंग्विन. पण मैथिली पाथरीकर हा धडा शिकवताना दर वर्षी एक तास बाजूला काढायचीच. एम.एस्सी.ला असताना तिने या प्राण्यांविषयी मिळेल ते वाचून काढलं होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर जायचं वेड तेव्हा डोक्यात होतं. पुढे लग्न झालं, परभणीत नोकरी लागली, आणि समुद्र तिने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला, तोही किनाऱ्यावरून. पण वर्गात बोलायला लागली की ती बर्फाखालीच असायची. पाचशे मीटर खाली जाणारा सम्राट पेंग्विन, मिनिटाला चार-सहा ठोक्यांवर आलेलं त्याचं काळीज. बुडी मारण्याआधी छातीतली हवा सोडून देणारा सील, कारण त्याचा ऑक्सिजन फुप्फुसात नसतो, रक्तात आणि मांसात साठवलेला असतो. म्हणून त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मैथिलीला वर्षभरात एवढाच तास आपला वाटायचा.

"मॅडम," शिवकन्या ओढणीने तोंड पुसत म्हणाली, "आमच्या हिरीत मी तळाची माती घिऊन वर येते. पन तितक्यातच जीव घाबरा व्हतो. जास्त येळ दम धरायचा आसंल तर काय करायचं?"

असे प्रश्न मैथिलीला फार आवडत. ही पोरगी पेडगावहून रोज एसटीने यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि पुस्तकात नसलेलंच विचारायची.

"जीव घाबरतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही," मैथिली म्हणाली. "रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. तो आरडाओरडा करतो, श्वास घे म्हणून. बुडीच्या आधी खूप जोरजोरात श्वास घेतले आणि सोडले, तर तो बराचसा आधीच निघून जातो. मग ओरड उशिरा सुरू होते."

"म्हंजी जास्त येळ ऱ्हाता येतं."

"येतं. पण…"

घंटा झाली. दुसऱ्या दिवसापासून महालक्ष्म्यांची सुट्टी होती आणि वर्ग अर्धा दाराबाहेर पडलाच होता. मैथिलीलाही झरीला सासरी जायचं होतं. सोळा भाज्या निवडायच्या होत्या, पुरण घालायचं होतं. तिने टबातलं पाणी खिडकीतून ओतलं. "बाकीचं सुट्टीनंतर सांगते," असं ती म्हणाली, पण ते कुणी ऐकलं की नाही ते तिला कळलं नाही.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवकन्या बुडाली.

मैथिलीला ते सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये समजलं. "पेडगावची ती हुशार पोरगी, विहिरीत गेली," कुणीतरी सांगितलं. दुसऱ्याने आवाज उतरवून विचारलं, "काही भानगड होती का?" तिसरा म्हणाला, "छे, पोहायला गेली होती. चांगली पोहायची म्हणे." मैथिलीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने खाली ठेवला, आणि हात तसाच कपाच्या कानात अडकून राहिला. कुणी काही न सांगताच तिला सगळं कळलं होतं. तरी वाटत होतं, पाय घसरला असेल, पायरीवर डोकं आपटलं असेल, गाळात पाय रुतला असेल. आपण देवाकडे काय मागतोय हे लक्षात आलं, तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

मैथिली धरून कॉलेजातले चार जण पेडगावला भेटायला गेले. शिवकन्येचे वडील बन्सीधर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. अंगाने काटक, पन्नाशीच्या अलीकडचा शेतकरी माणूस. आई सरजाबाई आतल्या खोलीत बायकांमध्ये होती.

"मीच शिकिवलं तिला पवायला," बन्सीधर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. येईल त्याला ते हेच सांगत असावेत. "पाचवीत व्हती. कंबरंला रिकामा डबा बांधून सोडली हिरीत. लोकं म्हनायलते, पोरीच्या जातीला कामून पान्यात घालतो. मी म्हनलं, मासोळीवानी पवती, पवू द्या. माझंच शिकिवनं कुटंतरी कच्चं ऱ्हायलं."

"तसं नसतं हो," सोबतचे प्राध्यापक म्हणाले.

"न्हाई सर. पक्कं आसतं तर बुडली आसती का?" त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "संगं माझ्या भावाची पोरगी व्हती, अपेक्षा. ल्हान हाय, ती काठावर बसल्याली. ती सांगती, ताईनं आधी लय जोरजोरात श्वास घेतले, कुत्रं धापा टाकतंय तसे. मंग खाली गेली आन् तळाच्या पायरीवर गप बसली. हिला वाटलं, ताई दम धरायलीय, जिंकायलीय."

मैथिलीने खालच्या फरशीवर नजर रुतवली.

"मॅडम," बन्सीधर तिच्याकडे वळले. "तुमाला एक इचारायचं व्हतं. खाली जायच्या आधी ती म्हनली म्हनं, बघ, मी आता सील झाले. सील म्हंजी काय, मॅडम? आमी लय इचार केला. कचेरीतलं सील आमाला ठावं हाय."

सगळे तिच्याकडे बघत होते. सांगायची वेळ हीच होती. पुढे कितीतरी दिवस मैथिली मनाने त्या ओसरीवर परत जायची आणि तिथे बसून सगळं सांगून टाकायची.

"एक प्राणी असतो," ती म्हणाली. "बर्फाच्या समुद्रात राहतो."

"पवतो का?"

"खूप छान पोहतो."

बन्सीधरांनी मान हलवली. "मंग ठीक हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर मैथिली तोंड धुवायला बेसिनपाशी गेली. ओंजळीतलं पाणी चेहऱ्याजवळ नेलं आणि तसंच सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात एक मुलगा सहज म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीचं उत्तर अर्धं राहिलं होतं." मैथिलीने खडू उचलला. उरलेलं उत्तर तिने फळ्याकडे तोंड करून सांगितलं. ओरड उशिरा सुरू होते, पण ऑक्सिजन मात्र त्याच्या वेळेलाच संपतो. त्यामुळे माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो, आणि पाण्याखाली बेशुद्ध झालेला माणूस पहिला श्वास पाण्यातच घेतो. म्हणून असं कधीही करायचं नाही. तिने 'कधीही' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मागे वळून बघायचा धीर तिला पुष्कळ वेळ झाला नाही. वळली तेव्हा पोरं मान खाली घालून लिहून घेत होती. पहिल्या बाकावर आता दुसरी मुलगी बसत होती.

नवऱ्याला तिने त्या रविवारी सांगितलं. केयूर कृषी विद्यापीठात नोकरीला होता, मुळात सरळ माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू खोटं काही शिकवलं नाहीस," तो म्हणाला.

"अर्धं शिकवलं."

"घंटा झाली त्याला तू काय करणार? आणि आता सांगून ती परत येणारे का? त्या माणसांचं दुःख कमी होणारे? उलट रोज कुणाला तरी शिव्या घालत बसतील. गावातली चार पोरं कॉलेजवर येतील. कशाला?"

त्यात चुकीचं काही नव्हतं. त्या संध्याकाळी मैथिलीला हलकं वाटलं, तिने दोन घास जास्त खाल्ले. सकाळी उठल्यावर त्या दोन घासांचीच तिला लाज वाटली. घंटा झाली हे खरं होतं. पण घंटेनंतरही एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? पोरांना थांबवून ते सांगायला हवं होतं. तिला घाई होती, भाज्या निवडायच्या होत्या. आणि त्याहून खोल गेलेली गोष्ट ती केयूरलाही बोलली नव्हती: 'जास्त येळ ऱ्हाता येतं' असं म्हणताना त्या पोरीचे डोळे चमकले होते, आणि ते पाहून मैथिली सुखावली होती. 'पण'च्या पुढचं सांगून ती चमक तिला इतक्यात घालवायची नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेडगावच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की बन्सीधर काका हल्ली घरी नसतात, शेतातल्या आखाड्यावरच, खोपटात झोपतात. सरजा काकू त्यांच्याशी एक शब्दही बोलत नाहीत. लेकीला पाण्यात नेलं ते यांनी, असं म्हणतात. आणि गावात आता एकही मुलगी विहिरीवर जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैथिली एकटीच एसटीत बसली. केयूरला फोन करून म्हणाली, "मी पेडगावला चाललेय." तो "अंधार व्हायच्या आत ये," एवढंच म्हणाला.

सरजाबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. मैथिलीला पाहून तिने हात पुसले आणि खाट टाकली. "शिवीच्या मॅडम ना तुमी? लय नाव काढायची तुमचं." मैथिली खाटेवर बसली नाही. "शिवकन्येच्या वडिलांना बोलावता येईल का?" तिने विचारलं. सरजाबाईचा चेहरा बंद झाला. तिने शेजारच्या पोरीला हाक मारून आखाड्यावर पिटाळलं.

बन्सीधर आले, अंगणाच्या कडेला बायकोपासून दूर उभे राहिले. मैथिलीने सांगायला सुरुवात केली. येताना एसटीत तिने शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवला नाही. बर्फाचा टब, नाडी, शिवकन्येचा प्रश्न, आपलं उत्तर, घंटा. सगळं तिने जसं घडलं तसं सांगितलं. "सील म्हणजे काय ते तुम्ही मला विचारलंत. तो मीच तिला शिकवला होता. जोरजोरात श्वास घ्यायचंही मीच सांगितलं. त्यात धोका आहे ते सांगायचं राहिलं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तुमच्या शिकवण्यात काही कच्चं नव्हतं. तुम्ही शिकवलंत तसंच ती पोहत होती."

अंगणात कोंबड्या सोयाबीनवर आल्या होत्या. कुणी त्यांना हाकललं नाही.

बन्सीधर खाली बसले, उकिडवे. बराच वेळ ते हाताने जमिनीवरची माती गोळा करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तिला तरास झाला आसंल का, मॅडम? गुदमरली आसंल, हातपाय मारले आसतील… मला रोज तेच दिसतंय."

मैथिलीला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. आणि या वेळी ते पूर्ण माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अशा वेळी जीव घाबरतच नाही. झोप लागावी तसं होतं. तिला काही कळलंसुद्धा नसेल. जीव घाबरला असता, तर ती वर आली असती."

बन्सीधरांनी उपरणं तोंडावर घेतलं. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज आला नाही.

सरजाबाई तोवर एका जागी उभी होती. ती मैथिलीच्या अगदी जवळ आली. ती हात उचलेल असं मैथिलीला वाटलं, आणि तिने तो उचलावा असंही वाटलं.

"तुमाला ठावं व्हतं," सरजाबाई म्हणाली. "आमी आडानी. ह्यायला काय ठावं आसनार? तुमाला समदं ठावं व्हतं. आन् त्या दिशी हितं बसून, च्या पिऊन गेलात तुमी."

"हो," मैथिली म्हणाली. माफ करा म्हणायचं तिने ठरवलं होतं. पण ते शब्द त्या बाईपुढे मागणं केल्यासारखे वाटले, म्हणून ती गप्प राहिली.

सरजाबाई घरात जायला वळली. उंबऱ्यापाशी पाठमोरीच थांबली. अंगणात ऊन सरलं होतं, कडेची झाडं काळी पडत होती.

"आवो," ती म्हणाली.

बन्सीधरांनी तोंडावरचं उपरणं काढलं आणि वर पाहिलं. महिन्याहून अधिक काळात ती हाक त्यांनी ऐकली नव्हती.

"त्यायला म्हनावं, आता परत येऊ नका हितं." मग तशीच पाठमोरी, "आन् अंधारायलंय. फाट्यापत्तोर सोडून या. मंग घरी या जेवायला."

बन्सीधर उठले. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, वहाणा घातल्या आणि चालू लागले. मैथिली त्यांच्या मागून निघाली. शेतांमधल्या पांदीत कुणाच्या तरी रानातलं पाणी आलं होतं, बैलगाडीच्या चाकोऱ्या भरून गेल्या होत्या. ते पुढे, ती मागे. फाटा येईपर्यंत ते एकदाच बोलले, तेही मागे न बघता.

"हिकडून या मॅडम. तिकडं चिखल हाय."