सहावी गाठ

हिंमतरावांची पिकअप बदरपूरच्या नाक्यावर बंद पडली, आणि तीही पंधरवड्यात दुसऱ्यांदा. टाकीत ठणठणाट! एकोणीस वर्षं फौजेत गाड्या चालवलेला माणूस, आणि भर दुपारी कॅन घेऊन पंपाकडे पायपीट. माल ज्या कारखान्याचा होता त्याच्या मॅनेजरने सरळ सांगितलं, "ताऊजी, तीसरी बार हुआ तो काम किसी और को."

काम गेलं की गाडी विकायची, आणि गाडी विकली की उरलं काय? बायको, शेवंता, जाऊन चार महिने झाले होते. फरीदाबादच्या त्या दोन खोल्यांत आता भिंतींशी किती बोलणार? गाडीत निदान तिची डावीकडची जागा तरी होती.

तेलाचा काटा काही आज बिघडला नव्हता. टाकी भरलेली असो की रिकामी, अकरा वर्षं मेला शून्यावरच बसलेला. पण शेवंता शेजारी होती ना! पन्नास किलोमीटर झाले की ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. सहावी गाठ पडली की, "अहो, तेल!" एकदाही चूक नाही. हिंमतराव कधी वैतागून म्हणायचे, "आज लांब जायचंय, ऊन आहे, राहा की घरी." तोवर बाई चढून बसलेली असायची. "आणि वाटेत तेल संपलं म्हणजे?" झालं, हिंमतराव किल्ली फिरवायचे.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी श्याम मिस्त्रीकडे नेली. श्याम आधी टाळाटाळ करत होता, जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणाला. अकरा वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता. पण आज हिंमतराव हटून बसले. शेवटी तो गाडीखाली शिरला.

"चाबी घुमाओ, ताऊ."

काट्याकडून टाकीकडे येणारी तार त्याने तपासायला गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकवली, आणि काटा टुणकन वर. फुल्ल!

"अरे, काटा तो एकदम ठीक है! फिर खराबी कहाँ है?" हिंमतराव केबिनमधून ओरडले.

श्याम बाहेर आला. मान खाली, हातात हिरव्या लुगड्याची एक चिंधी. तार तुटलेली नव्हतीच. टाकीवरून काढून, टोक चिंधीत गुंडाळून, नीट बांधून ठेवलेली होती.

"मैंने ही निकाली थी. ताई ने कहा था. ये कपड़ा भी उन्हीं का है."

"शेवंता ने? क्यों?"

"ग्यारह साल पहले मैंने काटा ठीक कर दिया था, आप चाय पीने गए थे. बोलीं, भैया, काटा चालू मत रखना. काटा चालू रहा तो वो मेरे को घर पे छोड़ के जायेंगे. घर में मैं किससे बोलूँ?"

हिंमतराव फूटबोर्डवर बसले. तिला हिंदी धड येत नव्हती, गल्लीत मराठी बोलणारं कुणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून अकरा वर्षांत एकदाही तिला म्हणाले नाहीत, चल, नुसती बसायला चल. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

"जोड़ दूँ, ताऊ?" श्यामने विचारलं.

"जोड़ दे."

काटा पाव टाकीवर येऊन थांबला. अगदी बरोबर. हिंमतरावांनी चिंधी खिशात ठेवली, फेरी घालून डावीकडे गेले आणि दार उघडलं. "चल," ते म्हणाले. ती चढून बसेल इतकं थांबले, मग दार हळूच लावून घेतलं.