परसातला शेवटचा तोडा

तिसरी बरणी फुटली, तेव्हा मात्र मी गॅस बंद केला.

"अहो, काय करून ठेवलंय तुम्ही या झाकणांना?"

"बसवलीत." हे हातातला मोठा पाना फडक्याला पुसत म्हणाले.

"बसवलीत की आवळलीत?"

"बसवणं म्हणजे आवळणंच. मी आयुष्यात काही ढिलं बसवलेलं नाही."

तेही खरंच होतं. बरणी उकळत्या पाण्यात ठेवली की आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, म्हणून झाकण तेव्हा नुसतं बोटांनी टेकवायचं असतं. पण तीस वर्षं पंपघरात मेकॅनिक असलेल्या माणसाला हे कोण पटवणार? ढिलं काही दिसलं की यांच्या पोटात दुखतं. शेजारच्यांचा नळ ठिबकायला लागला तर हे जेवणावरून उठून जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी यांनी जुनी ट्यूब कापून चाळीस झाकणांसाठी चाळीस वॉशर केले होते, आणि सकाळी मी परसात असताना पाना घेऊन एकेक झाकण कायमचं बंद करून टाकलं होतं.

"बाबा, ती टोमॅटोची बरणी आहे, बॉयलर नाही!" लेक गाजरं किसता किसता हसून लोटपोट झाली. मलाही हसू आवरेना. सगळ्या स्वयंपाकघरात टोमॅटो उडाला होता, यांच्या चष्म्यावरसुद्धा.

हसायला वेळ नव्हता खरं तर. आमच्या हातात तेवढा एकच दिवस होता. हे निवृत्त झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टर रिकामं करून आम्ही लेकीकडे जाणार होतो, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या बाल्कनीत दोन कुंड्या मावतात, त्याही ठेवल्या तर पाय ठेवायला जागा नाही. आणि परसाला नेमका याच आठवड्यात ऊत आला होता. टोमॅटोची रोपं ओझ्याने आडवी झालेली, घेवड्याच्या शेंगा पानांपेक्षा जास्त, काकड्या तर रोज सकाळी मोजाव्यात तर दोन वाढलेल्या. या क्वार्टरातल्या बावीस वर्षांत असा तोडा मी पाहिला नव्हता.

माझं ठरलं होतं. एक शेंगही मागे कुजायला ठेवायची नाही. आणि तोडा संपला की सगळी रोपं, सगळे वेल मी माझ्या हाताने उपटणार होते. यांच्या जागी इथे राहायला येणाऱ्या नव्या माणसाला भाजीत काय गोडी असणार? मी हौसेने वाढवलेली रोपं पाण्यावाचून उभ्या उभ्या वाळणार, हे माझ्याच्याने सोसवत नव्हतं. ते चित्र डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून मी हातांना उसंतच देत नव्हते.

मग जी काही धांदल उडाली, ती काय सांगू! झाकणं उघडायला यांना पुन्हा पानाच घ्यावा लागला. टोमॅटोच्या रसात लिंबू पिळून बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात गेल्या. घेवडा आणि काकड्या व्हिनेगरमध्ये बुडाल्या, गाजराचा जॅम रटरटायला लागला, मिरच्यांच्या माळा खिडकीच्या गजांना लटकल्या. उरलेल्या टोमॅटोच्या चकत्या पलंगावर चादर टाकून तिच्यावर पसरल्या.

"आई, आज झोपायचं कुठे?" लेकीने विचारलं.

"झोपायचं उद्या. तुझ्या घरी."

"आणि या बरण्या ठेवायच्या कुठे?"

"तुमच्या पलंगाखाली. जावईबापूंना सांग, रात्री पाय जपून टाका."

यांना मी घड्याळाचं काम दिलं. त्यात मात्र यांना तोड नाही. "पंचेचाळीस मिनिटं झाली, काढा!" अशी आरोळी यायची आणि मी चिमट्याने बरणी उचलायचे. थंड होताना झाकण टक् करून आत बसायचं, की हे बोट वर करायचे. "अकरा!" "बारा!" लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एका ओट्याशी इतका वेळ कधी उभे राहिलो नव्हतो. मला इतका आनंद झाला होता की निरोपाचा दिवस आहे हे मी अर्धा अर्धा तास विसरून जात होते.

तीनच्या सुमाराला फाटकात स्कूटर थांबली. नवा मेकॅनिक चार्ज घ्यायला आला असणार. गेले पंधरा दिवस हे "तो आला की त्याला हे सांगायचंय, ते सांगायचंय" असं घोकत होते. हेल्मेट निघालं आणि आतून लांब वेणी बाहेर पडली.

"नमस्कार काका. चार्ज घ्यायला आलेय."

यांनी एकदा त्या वेणीकडे पाहिलं आणि जॅमचा डाव माझ्या हातात दिला. "चला."

दोघं परसापलीकडच्या पंपघरात गेले. मी शेवटच्या बरण्या काढल्या. सदतीस झाल्या. लेक बरण्यांना कागद गुंडाळायला बसली, आणि मी खुरपं उचललं. आता उपटायचं तेवढं राहिलं होतं. जाता जाता चहाचं सांगावं म्हणून पंपघराच्या दारात थांबले.

"काका, हे गळतंय," ती वाकून म्हणत होती. "तिन्ही पंप."

पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे दोरी ठासून वर नट आवळलेला असतो. तिथून थोडं पाणी ठिबकू द्यावंच लागतं, नाहीतर दांडा तापतो. आमच्याकडे मात्र चांगली बारीक धार पडायची. फुकट जाणारं पाणी म्हणून मीच भिंतीखालून चर काढून ते वाफ्यांकडे वळवलं होतं. माझं सगळं परस त्याच पाण्यावर वाढलेलं.

"पुस्तकात मिनिटाला चाळीस थेंब म्हटलंय," ती म्हणाली.

"पुस्तकात थेंब. इथे मग."

"मग काय?"

"मग काय नाही. मग." यांनी खुंटीवरचा पोचे आलेला मग काढून तिच्या हातात दिला. "हा पाच मिनिटांत भरला पाहिजे. जास्त वेळ लागला तर नट ढिला करायचा."

"ढिला? कशासाठी?"

हे खाकरले. भिंतीवरच्या दाबाच्या काट्यांकडे बघत म्हणाले, "या पंपांना तशी सवय आहे."

मी दारातच उभी राहिले. बावीस वर्षं मी या माणसाला टोमणे मारले होते. एवढे मोठे मेकॅनिक आणि घरचे पंप गळतात! तपासणीला येणारे साहेब दर वर्षी याच गळतीवरून यांना बोलून जायचे, तेही मला ठाऊक होतं. त्या दिवशी हे मान खाली घालून जेवायचे. मला वाटायचं, यांना ती गळती थांबवता येत नाही. किती मूर्ख मी! मला हसू आलं.

ती बाई पाण्याच्या ओळीने नजर फिरवत भिंतीखालच्या चरीपर्यंत गेली. तिथून बाहेर वाफ्यांकडे, आणि मग माझ्याकडे. मी खुरपं पाठीमागे नेलं.

तिने पहिल्या पंपाच्या धारेखाली मग धरला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. हे तिच्याशेजारी उभे, मी दारात. पाच मिनिटं झाली. पंप आपले चालत होते.

मगात दोन बोटं पाणी कमी पडलं.

"काका, पाना," ती म्हणाली.

यांनी दिला. तिने नट अगदी जरासा ढिला केला, मगातलं पाणी चरीत ओतलं आणि मग पुन्हा धारेखाली धरला.