बोटभर झगा

आमच्या दुकानात पँटी मी शिवतो आणि झगे बायको. कापडाला पहिली कात्री मात्र तीच लावते, कारण माझ्या हाताला घाई फार. हे मत तिचं.

दम्यासाठी तिने सात वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, श्वास सुधारला आणि हाडं विरळ झाली. आगीतून फुफाट्यात. मणके दबून ती दरवर्षी बोटभर बुटकी व्हायची. दुकानात घालायचा पायघोळ झगा जमिनीवर लोळायला लागला की स्वतःच वर दुमडून तुरपायची आणि म्हणायची, कापड ताणलं गेलंय. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक मणका दबला की कापणीच्या टेबलापाशी उभं राहणं बंद. टेबल सुटलं तर ही बाई जगणार कशी, या विचारानेच माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

मग इस्पितळात एक प्रयोग निघाला. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या मूळपेशी वाढवून परत टोचायच्या, म्हणजे गोळ्या चालू असूनही हाडं झिजू नयेत. मेख एवढीच की निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय दिलं ते वर्षभर डॉक्टरांनाही कळणार नाही. आमचं नशीब मला ठाऊक. पाणीच.

ती मात्र सुई टोचून आली ती हवेतच. वर्षभर हा झगा दुमडावा लागणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं. आता तो लोळला तर तिचा धीर सुटेल, म्हणून ती तपासणीला गेली की मी तो उसवून जरासा वर तुरपून ठेवायचो. तीनदा मिळून बोटभर.

वर्ष सरताना तिचे घोटे उघडे पडले. आपली उंची वाढली, असं ती गिऱ्हाइकांना सांगत सुटली. मी मान खाली घालून काजं करत बसलो.

शेवटी इस्पितळात, कोणाला काय दिलं त्याचं बंद पाकीट उघडलं. तिला पेशीच मिळाल्या होत्या आणि हाडं होती तशीच होती. एकीवरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टर समजावत होते, पण मला तिथेच रडू फुटलं.

दुकानात आल्यावर तिने झगा उलटा करून माझ्यापुढे धरला.

"अहो, हा घाईचा टाका मी पहिल्याच दिवशी ओळखला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा जीव त्यात अडकला होता. आणि झगा बोटभर वर गेला, मी मात्र बुटकी झाले नाही म्हणून घोटे दिसायला लागले, तेव्हा डॉक्टरांच्या आधी मला उत्तर कळलं." तिने झगा माझ्या मांडीवर टाकला. "आता बोटभर खाली सोडा. आणि सावकाश तुरपा. आता घाई नाही."