ब्रेकडाऊनचं कारण

"काका, कुत्तों ने गड़बड़ किया," वस्तरा जानरावांच्या गळ्यापाशी थांबवून न्हावी म्हणाला. "फौज कितनी भी बड़ी हो, गाँव का कुत्ता सूंघ लेता है."

जानराव गजभिये यांच्या तोंडाला फेस होता, म्हणून त्यांनी नुसता हुंकार भरला. सुपेल्याच्या बाजारात त्या दिवसांत जो तो सेनापती झाला होता. पानठेलेवाल्याच्या मते हेलिकॉप्टरचा आवाज नडला. पंक्चरवाल्याच्या मते खबऱ्या फितूर होता. आणि जन्मात दुर्गच्या पलीकडे न गेलेला एक जण तर फुटपाथवर खडूने डोंगर काढून, जवानांनी कुठून चढायला हवं होतं ते दाखवत असे. दुसऱ्याचं पोर मेलं की अक्कल स्वस्त होते. पण जानरावांना राग येत नसे. ते प्रत्येकाचं नीट ऐकून घेत. न जाणो, एखादा खरं बोलत असेल.

नरेश त्यांचा एकुलता एक. रस्ता बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे रोलर आणि जेसीबी दुरुस्त करायचा. बस्तरातल्या कामावरून नक्षलवाद्यांनी त्याला उचलून नेलं. रस्ता बंद करा आणि तुमचा मेकॅनिक घेऊन जा, असा निरोप आला. बोलणी चालू असतानाच त्याला सोडवायला जवान पाठवले गेले. जवान सगळे परत आले. नरेशही आला, ताडपत्रीत गुंडाळून.

नंतर एका मोठ्या साहेबांनी जानरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "ऑपरेशन में ऐसा हो जाता है."

हे काही जानरावांच्या गळी उतरेना. त्यांनी उभा जन्म रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये क्रेन चालवली होती. मिल बंद पडली की कारण सापडेपर्यंत तिथे कोणी घरी जात नसे. बेअरिंग गेलं, केबल जळली, कोणी डुलकी काढली, काहीतरी असतंच. ते सापडलं की त्याला चार शिव्या हासडता येतात, आणि मग माणूस डबा उघडतो. जानरावांना तेवढंच हवं होतं. शिव्या घालायला एक कारण.

गिरजाबाईंना त्यांचं हे दारोदार हिंडणं आवडत नसे. "कारन समजल्यावर पोरगं उठून बसनार हाय का?" त्या म्हणत. पण ते निघाले की डोक्याला बांधायला दुपट्टा आणून द्यायच्या त्याच.

न्हाव्याकडून घरी आले तर फाटकाशी जामुलच्या मैनाबाईचा पियूष उभा. मैनाबाई विहारात गिरजाबाईंच्या शेजारी बसायची, त्यामुळे हे पोरगं लहानपणापासून पाहण्यातलं. तो विशेष दलात जवान आहे, एवढं ठाऊक होतं. त्या दिवशी डोंगरावर तोही होता, हे मात्र आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकल्यावर त्याने सांगितलं.

"दोनदा फाटकापर्यंत आलो काका, न् वापस गेलो," तो म्हणाला. "तुमी सगळ्याईले विचारून राहिले, असं मायनं सांगितलं."

जानरावांनी टीव्ही बंद केला. स्वयंपाकघराच्या दारात गिरजाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"सांग."

"आमी उजाडायच्या आत डोंगराखाली पोचलो होतो. लोकेशन सही था काका, सब सही था. नरेशभाऊ वर झोपडीत होते. पहारेवालेबी झोपेत. फक्त मोहफुलं पडाचे दिवस होते, हे कोनाच्याच ध्यानात नाई आलं."

जानराव सावरून बसले. मोह पहाटे गळतो, आणि गुरांनी तोंड लावायच्या आत वेचावा म्हणून बाया अंधारातच रानात शिरतात. बस्तरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"एक म्हातारी झाडाखाली टोपली घेऊन बसली होती. एकदम माह्या समोरच आली. कोनी भेटलं तर आवाज नाई निंगला पायजे, अशी ऑर्डर होती. मी तिचं तोंड दाबलं."



"मंग?"

"काडीवानी होती काका. सर्दी होती का काय, तिले नाकानं श्वासच घेता येत नव्हता. पाय झाडून राहिली होती. मंग पायबी थांबले. मेरे हाथ में मर रही थी वो. मी हात काढला."

"न् म्हातारी ओरडली."

"श्वास आला न् ओरडली. वरून फायर सुरू झाला. आमी धावतच चढलो. झोपडीत नरेशभाऊले त्यायनं गोळी घातली होती; अंग अजून गरम होतं, काका. मीच खांद्यावर घेऊन उतरलो."

कारण सापडलं होतं. जुन्या सवयीने जानरावांनी ते मनातल्या मनात उलटसुलट करून तपासलं, आणि त्यात कुठेच खोट निघेना. त्यांनी पियूषच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताची त्यांना मनापासून चीड आली. तो हात आणखी जरा वेळ म्हातारीच्या तोंडावर राहिला असता तर नरेश आज याच खुर्चीत बसला असता. शिवी अगदी ओठावर आली होती. पण नरेशनेही हात काढलाच असता हे बापाला ठाऊक होतं, आणि ती शिवी त्यांना गिळताही येईना, थुंकताही येईना.

"तुह्या साहेबाले ठाऊक हाय हे?"

"नाई. म्हातारी झटका देऊन सुटली, असं सांगितलं."

"तुह्या मायले?"

"नाई."

"मंग कोनालेच नको सांगू. नोकरी जाईन तुही."

"काका, मले शिव्या द्या ना. मारा पायजे तर."

"जा तू आता." जानरावांचा आवाज चढला नव्हता, पण मऊही नव्हता. "मले तुले माफ करता येत नाई. न् तू चुकला असंबी म्हनता येत नाई. जा."

पियूष उठला. "येतो काकू," म्हणाला. दारातून जाणाऱ्याला 'ये' म्हटल्याशिवाय गिरजाबाईंनी आजवर कोणालाच जाऊ दिलं नव्हतं. त्या खाली मान घालून तांदळातून बोटं फिरवत राहिल्या. पियूष थोडा वेळ तसाच थांबला, मग गेला.

फाटक वाजलं. आता कोणाला काही विचारायचं उरलं नव्हतं, त्यामुळे उद्या कुठे जायचंही उरलं नव्हतं. आपण इतके दिवस कशाच्या बळावर हिंडत होतो, हे जानरावांना आता कळलं. कळून काही उपयोग नव्हता.

"त्या म्हातारीले पोरं असतीन का हो?" गिरजाबाईंनी विचारलं.

"असतीन."

"मंग तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटली असन."

गिरजाबाईंनी निवडलेले तांदूळ पुन्हा न निवडलेल्यांत ओतले, आणि सूप मांडीवर घेऊन पहिल्यापासून निवडायला लागल्या.